मुकी झालेली तबकडी

श्रोतेहो, काल-परवांपर्यंत नीट चालणाऱ्या चित्रमुद्रणाच्या तबकडीनें अकस्मात् मौन धरावें, हा अनुभव आपणांपैकीं पुष्कळांच्या पदरीं असेल. संगणकावर थोडीशी काटछांट करून तबकडी परत घरच्या यंत्रांत घालावी, तों यंत्र म्हणतें, ‘ही तबकडी वाचतां येत नाहीं.’ मग कोणी ती रुमालानें पुसतो, कोणी यंत्राला दोष देतो, आणि कोणी निराश होऊन ती केराच्या टोपलींत टाकतो. पैकीं शेवटचा उपाय बहुधा घाईचा ठरतो. कां, तें आज आपण पाहूं.

माझ्या परिचयांतील एका कुटुंबांत २००८ सालीं घडलेली गोष्ट आहे. घरांतील वृद्ध आजी जात्यावरच्या ओव्या म्हणत असतां नातवानें त्या आपल्या कॅमेऱ्यानें टिपल्या होत्या. त्या काळीं कांहीं कॅमेऱ्यांत आठ सेंटिमीटर व्यासाची, पुन्हां पुन्हां लिहितां येणारी डीव्हीडी बसत असे, व तिच्यावर चांगल्या प्रतीचें सुमारें अर्ध्या तासाचें चित्रण मावत असे. पुढें आजीबाई वारल्या. वर्षश्राद्धास जमणाऱ्या नातलगांना हें चित्रण दाखवावें म्हणून नातवानें तबकडी संगणकांत घातली, त्याला अनावश्यक वाटलेला भाग कापून टाकला, आणि उरलेला भाग पूर्वींच्याच नांवानें त्याच तबकडीवर परत ठेवला. मूळची प्रत निराळी काढून ठेवावी, हें त्यास सुचलें नाहीं. संध्याकाळीं तबकडी कॅमेऱ्यांत घातली, तेव्हां पडद्यावर प्रश्न उमटला : ‘तबकडी फॉरमॅट करावयाची काय?’ मुलाचें बोट ‘होय’ या शब्दावर टेकणार, तोंच वडिलांनीं त्याचा हात धरला. त्या क्षणाच्या सावधपणानें काय वांचलें व काय गेलें, तें शेवटीं सांगतों.

प्रथम ही तबकडी असते तरी कशी, तें पाहूं. डीव्हीडी म्हणजे १.२ मिलिमीटर जाडीची चकती. ०.६ मिलिमीटर जाडीच्या दोन चकत्या पाठीला पाठ लावून ती बनविलेली असते, आणि लेखनाचा थर त्यांच्या मधोमध सुरक्षित असतो. बाजारांतून विकत घेतलेल्या चित्रपटाच्या तबकडीवर अक्षरें म्हणून अतिसूक्ष्म खळगे साच्यानें दाबून काढलेले असतात. ती जणू ताम्रपटच. उलटपक्षीं डीव्हीडी-आरडब्ल्यू या नांवाची तबकडी म्हणजे पाटी होय. तिच्या पोटांत रुपें, इंडियम, अँटिमनी व टेल्युरियम अशांसारख्या धातूंच्या मिश्रणाचा एक पातळ थर असतो. तांबड्या लेसर-किरणानें या थराचा एखादा बिंदु सुमारें ६०० अंशांपर्यंत तापवून एकदम निवूं दिला, कीं त्यांतील कणांची शिस्त मोडते व तो बिंदु निस्तेज होतो. तोच बिंदु सुमारें २०० अंशांवर सौम्यपणें तापविला, तर कण पुन्हां ओळीनें बसतात व तो चकाकूं लागतो. निस्तेज आणि चकचकित अशा ठिपक्यांची ही रांग म्हणजेच या पाटीवरील लिपि. पदार्थाच्या या उलटसुलट होणाऱ्या स्थितींचा उपयोग करतां येईल, हें अमेरिकेंतील संशोधक स्टॅनफर्ड ओव्शिन्स्की यांनीं १९६८ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत विजेच्या प्रयोगांनीं दाखविलें होतें. अशी पाटी सुमारें एक हजार वेळां पुसून लिहितां येते.

आतां ‘वाचतां येत नाहीं’ या तीन शब्दांचा अर्थ काय? यंत्र एकच वाक्य बोलतें. परंतु त्याच्या पोटीं निदान तीन निरनिराळीं कारणें असूं शकतात. ताप हें जसें एका रोगाचें नांव नव्हे, तसेंच हें आहे.

पहिलें कारण प्रकाशाचें. छापील तबकडी तिच्यावर पडलेल्या प्रकाशापैकीं शेंकडा ४५ ते ८५ इतका परत फेंकते. पुनर्लेखनाची तबकडी शेंकडा १८ ते ३० इतकाच. आरंभींच्या काळांतील कित्येक यंत्रांच्या दृष्टीला हा मंद प्रकाश पुरत नसे. शिवाय दोन थरांच्या छापील तबकड्यांचा प्रकाशही जवळजवळ इतकाच मंद असतो. त्यामुळें कांहीं यंत्रें आपल्या पाटीला दोन थरांची तबकडी समजत, आणि नसलेला दुसरा थर शोधीत बसत. यावर एक सोपा प्रश्न विचारावा : संगणकावर जाण्यापूर्वीं ही तबकडी याच यंत्रांत चालत होती काय? चालत नसेल, तर दोष काटछांटीचा नव्हे, यंत्राच्या दृष्टीचा आहे. चालत असेल, तर पुढच्या कारणांकडे वळावें. मात्र एक ध्यानांत ठेवावें. संगणकानें तबकडीवर नव्यानें लिहिलें असेल, तर तें लेखन दुसऱ्या हातचें आहे. एका यंत्राचें फिकट अक्षर दुसऱ्यास लागत नाहीं, असें पुष्कळदां होतें.

दुसरें कारण अपुरेपणाचें. मुद्रण चालू असेतों तबकडी उघड्या वहीसारखी असते. मुद्रण संपल्यावर आरंभींची व शेवटची खूण घालून, अनुक्रमणिका पुरी करून वही बंद करावी लागते. या क्रियेला ‘फायनलाइज’ करणें म्हणतात. ती झाली नसेल, तर जिनें लिहिलें त्या यंत्राला सर्व ठाऊक असतें. परक्या यंत्राला मात्र वही कोठें सुरू होते व कोठें संपते हेंच कळत नाहीं. घरच्या कॅमेऱ्यांत चालणारी आणि शेजाऱ्याकडे मुकी होणारी तबकडी बहुधा या जातीची असते.

तिसरें कारण हिशेबाचें; आणि संगणकावरील काटछांटीनंतर उद्भवणारा घोटाळा बहुतकरून येथलाच असतो. व्यापाऱ्याच्या पेढीवर रोजमेळ व खतावणी अशा दोन वह्या असतात. व्यवहार घडतील त्या क्रमानें रोजमेळांत उतरतात, आणि कोणत्या खात्याची नोंद रोजमेळाच्या कोणत्या पानावर आहे, हें खतावणीवरून कळतें. तबकडीवरही असेंच असतें. चित्र आणि ध्वनि एका मोठ्या फाईलींत साठविलेले असतात, व कोणतें दृश्य त्या फाईलींत कोठें आहे याची नोंद दुसऱ्या लहान फाईलींत असते. यंत्र आधीं खतावणी उघडतें आणि मग रोजमेळाकडे जातें. दोहोंचा मेळ बसला नाहीं, कीं रोजमेळ कितीही शाबूत असला तरी यंत्र हात जोडतें.

ही दप्तराची पद्धतही एकच नाहीं. विकत मिळणाऱ्या चित्रपटांच्या पद्धतींत ‘व्हिडिओ-टीएस’ नांवाचें फोल्डर असतें. त्यांत ‘व्हीओबी’ या शेपटीच्या फाईली म्हणजे रोजमेळ, ‘आयएफओ’ म्हणजे खतावणी, आणि ‘बीयूपी’ म्हणजे त्या खतावणीची राखून ठेवलेली दुसरी प्रत. घरगुती मुद्रणासाठीं दुसरी एक पद्धत निघाली. तिला ‘व्हीआर’ म्हणतात. पायोनियर कंपनीनें १९९९ च्या डिसेंबरांत जपानांत जो डीव्हीडी-मुद्रक विक्रीस आणला, त्यांत ती होती. या पद्धतींत फोल्डरचें नांव ‘डीव्हीडी-आरटीएव्ही’ असें असतें, आणि चित्राची सर्व फाईल ‘व्हीआरओ’ या शेपटीनें ओळखूं येते. जुन्या साध्या यंत्रांना ही पद्धत समजतच नाहीं. म्हणजे अशी तबकडी नीट ‘फायनलाइज’ केली तरीही तेथें ती मुकीच राहते. यंत्रावर आरडब्ल्यू तबकड्या चालतात अशी खूण असेल तरच आशा धरावी.

आतां नातवाची चूक सहज कळेल. त्यानें रोजमेळाचीं मधलीं पानें फाडलीं, आणि खतावणी पूर्वींचीच राहूं दिली. अमुक दृश्य अमुक ठिकाणीं आहे असें खतावणी सांगे, व त्या ठिकाणीं दुसरेंच कांहीं आढळे. कॅमेऱ्यानें तबकडी नाकारली यांत त्याचें कांहीं चुकलें नाहीं. हीच काटछांट कॅमेऱ्यावरच, ‘प्लेलिस्ट’ या सोयीनें केली असती, तर केवळ खतावणींत एक नवें खातें उघडलें गेलें असतें आणि मूळ चित्रणास धक्काही लागला नसता.

आणखी एक भ्रम पुष्कळांना होतो. विंडोजच्या संगणकांत कोरी तबकडी घातली, कीं तो विचारतो : ही तबकडी पेन-ड्राइव्हप्रमाणें वापरावयाची, कीं सीडी-डीव्हीडी प्लेअरसाठीं? पहिला पर्याय घेतला, तर टेलिव्हिजनजवळच्या यंत्राला बहुधा ती उमगतच नाहीं. दुसरा पर्याय अधिक बरा. परंतु त्यानेंही आपली चित्रफाईल केवळ फाईल म्हणूनच उतरते. खतावणीसह खरी चित्रपट-तबकडी बनविण्यासाठीं त्या कामाचें निराळें सॉफ्टवेअर लागतें.

मग तबकडी मुकी झाली असतां काय करावें? पहिला नियम असा, कीं तिच्यावर कांहींही लिहूं नये. फॉरमॅट करूं का, पुसूं का, दुरुस्त करूं का, अशा सर्व प्रश्नांना ‘नाहीं’ हेंच उत्तर द्यावें. झटपट पुसण्याच्या क्रियेंत बहुधा अनुक्रमणिकेचाच भाग पुसला जातो व मजकूर तसाच राहतो. पण साधें यंत्र त्यानंतर तबकडीला कोरी समजतें, आणि मजकूर बाहेर काढण्यास विशेष साधनें लागतात. संपूर्ण पुसल्यावर मात्र कोणतेंच साधन चालत नाहीं.

दुसरें, तबकडी मऊ स्वच्छ फडक्यानें मध्यापासून कडेकडे सरळ पुसावी; गोल फिरवून पुसूं नये. तिसरें, जिनें ती मुळांत लिहिली त्या यंत्रांत, आणि मग दोन-तीन निरनिराळ्या संगणकांच्या ड्राइव्हमध्यें ती घालून पहावी. एकाची दृष्टि मंद असली तरी दुसऱ्याची तीक्ष्ण असूं शकते. चौथें, कोठेंही ती उघडली, तर प्रथम सर्व फाईली जशाच्या तशा संगणकावर उतरवून घ्याव्या. हें झाल्यावांचून ‘फायनलाइज’ देखील करूं नये, कारण तेंही लेखनच आहे. पांचवें, फोल्डरचें नांव पहावें. ‘व्हीआरओ’ फाईल आढळली, तर तिची एक प्रत काढून त्या प्रतीची शेपटी ‘एमपीजी’ अशी बदलावी. आंतील चित्रण एमपेग-२ या प्रचलित रीतीचें असल्यामुळें पुष्कळ सॉफ्टवेअर तें लागलीच दाखवितें. ‘व्हिडिओ-टीएस’ आढळून खतावणी बिघडली असेल, तर उतरवून घेतलेल्या प्रतींत ‘बीयूपी’ फाईलीची नक्कल ‘आयएफओ’ च्या नांवानें ठेवून पहावी. सहावें, काटछांट करावयाची ती या प्रतीवर करून नवी तबकडी निराळी लिहावी, आणि तीही पुसतां न येणाऱ्या जातीची घ्यावी. कायम ठेवावयाची वस्तु पाटीवर ठेवूं नये.

आतां त्या कुटुंबाची हकीकत पुरी करतों. कॅमेऱ्यानें नाकारलेली तबकडी संगणकावर उघडत होती. नात्यांतील एका जाणत्या गृहस्थानें वर सांगितलेल्या रीतीनें ‘व्हीआरओ’ फाईल उतरवून घेतली, शेपटी बदलली, आणि आजीबाईंचा आवाज घरांत पुन्हां उमटला. श्राद्धाच्या दिवशीं नव्या तबकडीवरून सर्वांनीं ओव्या ऐकल्या. त्या संध्याकाळीं ‘होय’ म्हटलें असतें, तर हें बहुधा घडलें नसतें.

परंतु कापलेला भाग कांहीं मिळाला नाहीं. नवें लेखन त्याच जागेवर झालें होतें. नातवाला अनावश्यक वाटलेल्या त्या भागांत होतें तरी काय? ओवी मध्येंच थांबवून, जात्याचा खुंटा धरून, आजी कॅमेऱ्याकडे पाहत असे आणि विचारत असे, ‘जेवलास का रे?’ ओव्या शिकलेल्या दुसऱ्या बायका गांवांत अजून होत्या. तो प्रश्न मात्र त्याला विचारणारें तेथें दुसरें कोणी नव्हतें.

आज नव्या संगणकांत तबकडीचा ड्राइव्ह क्वचितच आढळतो, आणि जुनीं यंत्रें एकेक करून बंद पडत आहेत. म्हणून आपल्या कपाटांत अशा तबकड्या असतील, तर त्या बाहेर काढाव्या, जोंवर वाचणारें यंत्र मिळतें आहे तोंवर त्यांच्या दोन प्रती दोन निराळ्या ठिकाणीं करून ठेवाव्या, आणि मगच कात्री हातीं घ्यावी.