मनाची रोजकीर्द

मुदखेडच्या पेढीवर सायंकाळी रोकड जुळली नाही, तर चूक सापडेपर्यंत आपण उठत नाही. घरातील तरुण मुलगा मात्र महिनोन्‌महिने झोपत नसेल, तर ‘सोयरिकीत अडचण येईल’ म्हणून तोच हिशेब झाकून ठेवतो.

हे दुखणे जाणणारा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट कसा घडतो? मानसशास्त्रात एम.ए. केल्यावर भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेला २ वर्षांचा एम.फिल. हा त्याचा आजवरचा रुळलेला मार्ग. प्रत्यक्ष रुग्ण, आणि पाठीशी ज्येष्ठांची देखरेख. औषध तो देत नाही. ते काम मनोविकारतज्ज्ञाचे. तो आधी ऐकतो. पुढे, ॲरन बेक यांनी १९६० च्या दशकात अमेरिकेत विकसित केलेल्या पद्धतीनुसार, वही लिहावयास सांगतो : प्रसंग कोणता, त्या क्षणी विचार कोणता आला, भावना किती तीव्र होती. ‘उधारी बुडाली, म्हणजे मी नालायक’ या नोंदीला तो पुरावा मागतो. पावतीवाचून खर्च न लिहिणाऱ्या आपल्याला हे परके वाटू नये. गल्ल्यावर बसून माणसे ओळखू लागलेल्या आपल्या मुलामुलींना तर ही विद्या सहज साधेल. सल्ला देण्याची घाई तेवढी सोडावी लागेल!

राहिली बोभाट्याची धास्ती. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतो. नांदेडला जाताना स्टेशनावर कोणी ओळखीचे भेटेल, एवढीही भीती असेल, तर १४४१६ या ‘टेलि-मानस’ क्रमांकावर अहोरात्र, निःशुल्क आणि मराठीतून बोलता येते.