अयुथ्थयेची केवडाबाई

गेल्या जन्मीचे देणे-घेणे असल्याखेरीज या जन्मी गाठ पडत नाही, ही समजूत आपल्या हाडीमासी इतकी खिळलेली आहे की, ती बोलून दाखविण्याचीही कोणाला गरज वाटत नाही. लग्न जुळले की ऋणानुबंध, आणि फिसकटले की ब्रह्मलिखित! या दोन शब्दांवर आपल्या कितीतरी पिढ्यांनी आपले संसार तोलून धरले. १९५८ साली बिमल रॉय यांच्या ‘मधुमती’ने पुनर्जन्माच्या या कल्पनेवर साऱ्या हिंदुस्थानला वेड लावले, तेही याच पुण्याईवर. परंतु हीच समजूत, आणि नवलाची गोष्ट म्हणजे जवळजवळ याच शब्दांत, थायलंडातही नांदत आहे. जुन्या भूगोलाच्या पुस्तकांत ज्याला आपण सयाम म्हणत होतो, तोच हा देश.

या देशात २०१८ साली २१ फेब्रुवारी ते ११ एप्रिल या अवघ्या सात आठवड्यांत ‘चॅनल थ्री’वर पंधरा भागांची एक मालिका झाली. तिचे नाव ‘बुप्फेसन्निवात’. उच्चार परका वाटतो; पण अक्षरे मूळ रूपात मांडली की आतून आपलाच शब्द डोकावतो: ‘पुब्बे-संनिवास’, म्हणजे पूर्वी एकत्र केलेला वास. पालीतून आलेल्या या शब्दाने थाई माणूस जन्मोजन्मीचे प्रेम दर्शवितो. पुढे २०२३ साली या कथेचा उत्तरार्ध आला, त्याचे नाव ‘फ्रोम लिखित’. याचा अर्थ मराठी वाचकाला सांगावयास नको!

रॉमफेंग या टोपणनावाने लिहिणाऱ्या लेखिकेच्या कादंबरीवर ही मालिका बेतलेली आहे. कथा अशी. केतसुरांग ही आजच्या काळातील, पुरातत्त्वाचा अभ्यास केलेली मुलगी. अंगाने स्थूल, स्वभावाने गोड. एका मोटार-अपघातात ती मरण पावते. इकडे साडेतीनशे वर्षांपूर्वी, राजा नारायच्या कारकिर्दीत, कारकेत नावाची एक रूपगर्विता राहत असते. कारकेत म्हणजे केवडा. सुगंध आहे, पण काटेही तितकेच. ज्याच्याशी तिचे लग्न ठरलेले असते त्या देतला दुसरी एक मुलगी आवडते, म्हणून ही केवडाबाई माणसे पाठवून त्या मुलीची नाव उलटविते आणि तीत एक दासी बुडून मरते. गुन्हेगार कोण हे शोधण्यासाठी घरात मंत्र म्हटला जातो. त्याचे नाव ‘कृष्ण-काली’. अपराध्याचा प्राण घेणारा तो मंत्र कारकेतचा प्राण घेतो. मात्र थोड्याच वेळात ती डोळे उघडते. देह कारकेतचा आणि आत्मा केतसुरांगचा! मंत्र, परकायाप्रवेश, सवत, गैरसमज आणि अश्रू. भडक नाट्याला लागणारा सारा शिधा येथे भरपूर आहे.

पण एवढ्यावर ही मालिका थांबली असती तर तिच्याविषयी लिहिण्याचे कारण नव्हते. नायिका नव्या काळची, घर जुन्या काळचे. त्यातून जो विनोद उत्पन्न होतो तो पुष्कळदा निर्मळ आहे. नदीचे पाणी तसेच पिणे तिला रुचत नाही, म्हणून ती गाळणी बनवून घेते. कैरी आणि गोड केलेले मासळीचे पाणी असा बेत ती घरच्यांना चाखविते. भाषेची तर रोजच तारांबळ. त्या काळचे ‘ऑ चाओ’ हे संबोधन, म्हणजे आपले ‘तू’ किंवा ‘तुम्ही’, आज तेथे कोणी वापरीत नव्हते. मालिकेनंतर ते बाजारापर्यंत सर्वांच्या तोंडी बसले. मेलेला शब्द असा जिवंत झालेला पाहण्याचे भाग्य भाषेच्या शिक्षकाला क्वचितच लाभते.

देतचा बाप फ्रा होराथिबोदी, म्हणजे ‘होराधिपति’, राजज्योतिषी. हा केवळ कल्पनेतला माणूस नव्हे. थाई भाषेचे पहिले व्याकरण-पाठ्यपुस्तक ‘चिंदामणी’ याच पदवीच्या पंडिताच्या नावावर आहे. तो ग्रंथ म्हणजे त्यांचा ‘चिंतामणि’. खुद्द देतला पुढे जो हुद्दा मिळतो तोही इतिहासातलाच आहे. १६८६ साली कोसा पान यांच्या नेतृत्वाखाली फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या दरबारी जे तीन वकील गेले, त्यांतील तिसऱ्याचा.

खरी जिवाला चटका लावणारी गोष्ट आहे ती मरियाची. मरिया गुयोमार द पिन्या ही आयुथ्थयेतली ख्रिस्ती स्त्री. तिची आई जपानी, आणि बाप मिश्र रक्ताचा, गोव्याकडून आलेला, असे सांगतात. सयामी जिभेवर ‘गुयोमार’चे ‘कीप मा’ झाले आणि ती थोंग कीप मा, म्हणजे ‘सोन्याची घोड्याची टाप’ झाली. तिचा नवरा कॉन्स्टंटाइन फॉल्कन हा ग्रीक दर्यावर्दी. केवळ बुद्धीच्या जोरावर तो नारायचा उजवा हात होऊन बसला. पण १६८८ साली राजा आजारी पडताच फेत्राचाने बंड केले, जूनमध्ये फॉल्कनचा शिरच्छेद झाला, जुलैत राजा वारला, आणि मरियाच्या नशिबी दासीपण आले. पुढे तीच राजाच्या मुदपाकखान्याची प्रमुख झाली. अंड्याच्या पिवळ्या बलकाची आणि साखरेची ‘फोय थोंग’, म्हणजे सोन्याचे धागे, ही पोर्तुगीज वळणाची मिठाई तिनेच सयामात रुजविली, असे श्रेय तिला दिले जाते. गोव्याच्या बेबिंकातही बलकाचीच श्रीमंती असते. चव ओळखीची लागली तर आश्चर्य नको.

आता नायिकेची अवस्था पाहा. मरिया तिची मैत्रीण. फॉल्कनचे काय होणार, मैत्रिणीच्या वाट्याला कोणते दिवस येणार, हे तिने पुस्तकात वाचलेले आहे. लग्नाच्या आनंदात असलेल्या मैत्रिणीकडे ती पाहते, आणि काही बोलू शकत नाही. हरिभाऊ आपट्यांची ‘गड आला पण सिंह गेला’ वाचताना शेवट आपल्याला नावातच कळलेला असतो. तरी आपण तानाजीच्या घरच्या लग्नाची गडबड वाचतो आणि घसा दाटून येतो. तीच ही व्यथा. फक्त येथे ती वाचकाच्या जागी नायिकेलाच भोगावी लागते. ज्याला शेवट ठाऊक आहे, त्याला प्रेम करणे सोपे राहत नाही. या एका कल्पनेने ही मालिका सामान्य करमणुकीच्या पातळीवरून वर उचलली आहे.

दोष नाहीत असे नाही. त्या घरातील दासी फिन आणि याम या विनोदासाठी उभ्या केल्या आहेत. मालकिणीच्या लहरीपायी त्यांच्या पाठीवर वेत उठतात, आणि आपण हसतो. पण सयामातली गुलामगिरी चुलालोंगकोर्न राजाने टप्प्याटप्प्याने मोडीत काढली ती १९०५ साली. म्हणजे या फिन-यामच्या मागून दोनशे वर्षे कितीतरी दासी तशाच वाकून चालत राहिल्या. सोन्याच्या गतकाळाचे चित्र काढताना चित्रकाराने त्या वाकलेल्या पाठी गमतीत घालवाव्यात, हे बरे नव्हे. आणि बिचारी कारकेत! तिला पश्चात्तापाची संधी देहात असताना मिळालीच नाही. तिचा आत्मा येतो तो आपल्या नावाने पुण्य करा, एवढे मागण्यासाठी.

तरीही या मालिकेने एक मोठे काम केले. मालिकेच्या दिवसांत जुन्या पद्धतीची वस्त्रे नेसून तरुण-तरुणी थव्याथव्यांनी अयुथ्थयेला जाऊ लागली. १६३० साली, आपल्याकडे शिवजन्म झाला त्याच वर्षी, प्रासात थोंग राजाने बांधलेला ‘जयवत्थनाराम’ विहार त्यांनी पुन्हा गजबजून टाकला. १७६७ साली ब्रह्मी फौजांनी ही नगरी जाळून बेचिराख केली होती. तिच्या पडक्या विटांवर इतकी ताजी पावले क्वचितच उमटली असतील.

यांतली किती पावले केवळ छायाचित्रापुरती आली, हा हिशेब कोणी करू नये. शंभरांत एखादा तरी भिंतीवर हात ठेवून थबकला असेल, येथे राहणाऱ्या माणसांचे पुढे काय झाले असेल, असे त्याच्या मनात आले असेल. त्या एकट्यासाठी ती सारी रड, तो मंत्र आणि ती उलटलेली नाव सार्थकी लागली. पूर्वजन्म कोणी मानो वा न मानो. आपल्याआधी येथे कोणी राहून गेले आणि त्यांचे देणे आपल्यावर आहे, एवढे मानणे पुरे. ‘पुब्बे-संनिवास’ याचा याहून सरळ अर्थ आणखी कोणता असणार?