पदवी हातात, पण डोस?

जळकोटसारख्या गावातून पदवी घेतलेला मुलगा उदगीरहून गाडी धरतो आणि पुण्या-मुंबईत नोकरी शोधतो. 2021 साली त्याच्या फाइलमध्ये गुणपत्रिकेच्या जोडीला आणखी एक कागद लागू लागला: क्यूआर कोड असलेलं कोरोना लसीचं प्रमाणपत्र.

हिशेब सोपा नव्हता. कोविशील्डच्या दोन डोसांत 84 दिवसांचं अंतर, त्यावर आणखी 14 दिवस. म्हणजे आज पहिली लस घेतली तरी मुंबईच्या लोकलचा पास मिळायला 98 दिवस. 15 ऑगस्ट 2021 पासून लोकलची दारं दोन्ही डोस घेतलेल्यांनाच उघडली होती. औरंगाबादेत तर नोव्हेंबरात एकही डोस नसलेल्यांना पेट्रोल आणि रेशन न देण्याचे आदेश निघाले.

ज्याला लस नकोच होती, त्याने काय करायचं?

केंद्र सरकार सर्वोच्च न्यायालयात सांगत होतं की लस ऐच्छिक आहे. 2 मे 2022 रोजी न्या. एल. नागेश्वर राव आणि अमरावतीचे न्या. भूषण गवई यांच्या खंडपीठाने निकाल दिला: कुणालाही लस घेण्याची सक्ती करता येणार नाही. लसीकरणाचं धोरण मात्र न्यायालयाने योग्य ठरवलं. सार्वजनिक आरोग्यासाठी सरकार प्रमाणशीर निर्बंध घालू शकतं, हेही स्पष्ट केलं.

खाजगी कंपन्यांना मिळाली ती फक्त सूचना: आपल्या अटींचा फेरविचार करा. मुलाखतीच्या टेबलापलीकडे बसलेल्या एचआरला त्यातून थेट हुकूम मिळाला नव्हता.