अंतराचा हिशेब (लेखांक ४) : ठाणे ते कल्याण, सरळ रेषेत

नैरोबी ते अदिस अबाबा हे हवाई अंतर साधारण ११६० किलोमीटर. ताशी ८५० किलोमीटरने भागलं तर सव्वा तासाच्या थोडं वर उत्तर येतं, प्रवासाला मात्र दोन तासांच्या आसपास लागतात. धावपट्टीपर्यंत जाणं, वर चढणं, उतरताना वेग कमी करणं, यात अर्धा तास सहज खर्ची पडतो. हा खर्च चारशे किलोमीटरला जवळपास तेवढाच असतो जेवढा चार हजारांना. त्यामुळे अंतर घटत गेलं की विमान महागात पडू लागतं.

याचं टोक काँगो नदीवर आहे. किन्शासा आणि ब्राझाव्हिल, दोन देशांच्या राजधान्या, एकमेकींना काठावरून दिसतात. मधल्या नदीवर पूल नाही. दोन विमानतळांमधलं हवाई अंतर पंचवीसेक किलोमीटर. एवढ्यासाठी विमान वापरणारे थोडे; बाकीचे बोटीनेच जातात.

आपल्याकडे ठाणे आणि कल्याण ही स्थानकं नकाशावर पट्टी ठेवून मोजली तर सतराएक किलोमीटरवर येतात. लोहमार्गाने ती विसाच्या घरात जातात. वाढलेले किलोमीटर फार नाहीत, पण ते का वाढले हे पाहण्यासारखं आहे. मध्ये ठाण्याची खाडी आहे आणि खाडी ओलांडताच पारसिकचा डोंगर आडवा येतो. १ मे १८५४ रोजी गाडी कल्याणपर्यंत पोचली ती खाडीवर पूल बांधून आणि डोंगराच्या कडेकडेने, मुंब्र्याकडून वळसा घेत. पुढे १९१६ मध्ये पारसिकचा सव्वा किलोमीटरहून लांब बोगदा झाला आणि जलद गाड्यांचा वळसा सुटला.

आता गंमत पाहा (गंमत म्हणायची, दुसरं काय!). फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली आणि जलद लोकल पुन्हा मुंब्र्याच्या बाजूला आल्या. बोगदा लांब पल्ल्याच्या गाड्यांकडे गेला. लोकल आणि मेल एकमेकींच्या वाटेतून दूर झाल्या, हा फायदा खराच. पण १८५४ मध्ये डोंगराने घ्यायला लावलेलं वळण आज दारात लटकणाऱ्या माणसाच्या वाट्याला आलं आहे. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळच्या वळणावर, सकाळच्या गर्दीत, लोकलमधून पडून प्रवाशांचे जीव गेले.

जलद लोकल ठाणे-कल्याण वीसेक मिनिटांत कापते. धीमी मध्ये कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर, डोंबिवली, ठाकुर्ली घेत अर्ध्या तासाच्या वर जाते. विमानाचा अर्धा तास आणि धीम्या लोकलचे थांबे यांचं गणित एकच: थांबण्यात आणि पुन्हा वेग धरण्यात वेळ जातो.

रस्त्याने डोंबिवलीकराची कथा ब्राझाव्हिलच्या जवळची होती. खाडीपलीकडे माणकोली आणि तिथून नाशिक महामार्ग, पण पूल नव्हता तोवर एकतर शिळफाटा गाठावा लागे नाहीतर कल्याणला जाऊन दुर्गाडी, कोन करत भिवंडीकडून यावं लागे. मोठागाव-माणकोली पुलाची कल्पना या वळशातूनच आली. सरळ रेषेत ठाणे डोंबिवलीपासून बारा-तेरा किलोमीटरवर आहे, हे शिळफाट्याच्या कोंडीत अडकलेल्याला सांगू नये.

पुढच्या आठवड्यात मुंबई-नैरोबी : साडेचार हजार किलोमीटर, आणि जाताना-येताना वेळ वेगळी का लागते ते.