साठीनंतरची मुळाक्षरे

मुरबाड तालुक्यातील फांगणे गावात ८ मार्च २०१६ रोजी, महिला दिनी, एक वेगळी शाळा सुरू झाली. विद्यार्थिनी ६० ते ९० वर्षांच्या, गणवेश गुलाबी साडी, वेळ घरची-शेतातली कामे उरकल्यावर दुपारची. जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकारातून उभी राहिलेली ही ‘आजीबाईंची शाळा’. पोथी स्वतः वाचावी, अंगठ्याऐवजी सही करावी, ही त्यामागची इच्छा.

‘या वयात काय शिकायचं?’ हा प्रश्न अशा वेळी हमखास विचारला जातो. त्याचे उत्तर, नेमके काय शिकायचे आहे यावर अवलंबून आहे.

तान्हे बाळ जगातल्या बहुतेक भाषांमधले ध्वनी वेगळे ओळखते. वर्षाचे होईपर्यंत त्याचा कान घरच्या भाषेला सरावतो. म्हणूनच चाळिशीत नोकरीसाठी फ्रान्सला गेलेल्या मराठी माणसाला तिथला एक स्वर छळतो: ओठ ‘ऊ’चे, जीभ ‘ई’ची. आपल्याकडे तो नाहीच, त्यामुळे आधी ऐकूच येत नाही. व्याकरणाचेही तसेच. सुमारे ६ लाख ७० हजार लोकांची इंग्रजी तपासणाऱ्या २०१८ च्या अभ्यासानुसार, नव्या भाषेचे व्याकरण आत्मसात करण्याची क्षमता साधारण १७-१८ वर्षांनंतर घटू लागते. शब्दसंग्रह मात्र उतारवयातही वाढत राहतो.

फांगण्यातील आजींची अडचण उलटी होती. भाषा तोंडात होती, नवी होती ती लिपी. आणि लिपीचा दरवाजा उघडाच असतो. फ्रेंच मेंदुशास्त्रज्ञ स्तानिस्लास देहेन यांच्या २०१० च्या अभ्यासात, मोठेपणी साक्षर झालेल्यांच्या मेंदूतही अक्षरे ओळखणारा भाग तयार झालेला दिसला. २०१७ मध्ये लखनौजवळच्या खेड्यांतील निरक्षर प्रौढांनी सहा महिने देवनागरी शिकल्यावर, मेंदूच्या खोलवरच्या भागांचा दृष्टिकेंद्राशी समन्वय वाढल्याचे आढळले.

मग जड का जाते? पुष्कळदा दोष बुद्धीचा नसतो. चाळिशीनंतर जवळचे धूसर दिसते, पुढे मोतीबिंदू येतो. वयानुसार कान ‘स’, ‘फ’सारखे बारीक ध्वनी आधी गमावतो. शिवाय लाज! लोक हसतील या ताणाने नुकतेच ऐकलेलेही मनात ठरत नाही. फांगण्यात सोबतिणी एकाच वयाच्या, त्यामुळे हसणार कोण?

शिकायला बसण्यापूर्वी डोळे आणि कान तपासून घ्यावेत. आठवड्यातून एकदा तीन तास बसण्यापेक्षा रोज अर्धा तास बरा. पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून आठवावे. झोप मोडू नये, कारण शिकलेले पक्के होते ते झोपेत. बोली शिकायची तर माणसांत बसावे. शहापूर-मुरबाडच्या कातकरी वाडीवर बदलून आलेल्या परिचारिकेने ‘पोटात कळ येते’ हे रुग्ण कसे सांगतो ते ऐकावे, तसेच म्हणून दाखवावे आणि चुकल्यास त्यालाच दुरुस्त करू द्यावे. फ्रान्समधल्या मराठी माणसालाही हाच उपाय लागू पडतो.

नवे अक्षर किंवा नवा शब्द विसरणे स्वाभाविक आहे. मात्र रोजच्या वस्तूंची नावे किंवा घरची वाट विसरायला होत असेल, तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा.