करवंटीचा कोळसा

नवरात्रांत ठाण्याच्या टेंभी नाक्यावर देवीच्या दर्शनास दूरदूरचे लोक येतात. ओटींतला नारळ फुटतो, खोबरें प्रसाद म्हणून वाटलें जातें आणि करवंटी केरांत पडते. परंतु ठाण्यांतील कित्येक स्वयंपाकघरांत पाणी गाळण्याचें जें यंत्र भिंतीवर असतें, त्याच्या पोटांत हीच करवंटी कोळशाच्या रूपानें बसलेली असते. ह्या कोळशाला क्रियाशील कोळसा म्हणतात. व्यापाऱ्यांचा ‘ॲक्टिव्हेटेड कार्बन’ तो हाच.

शेगडींतल्या कोळशाहून हा निराळा कसा? प्रथम करवंट्या हवा कोंडून तापवितात. त्यांतील वायु व डांबर निघून जाऊन कोळसा उरतो. मग ८०० ते १००० अंश सेंटिग्रेड उष्णतेच्या भट्टींत त्यावरून पाण्याची वाफ सोडतात. वाफ कोळशाचा कांहीं अंश खाऊन टाकते व उरलेल्या कणाकणांत असंख्य सूक्ष्म छिद्रें पडतात. त्या छिद्रांच्या भिंती उलगडून पसरतां आल्या, तर एका ग्रॅम कोळशाचा पृष्ठभाग सुमारें १००० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ दहा गुंठे भरेल! रंगाचे, वासाचे व विषारी वायूंचे रेणु ह्या भिंतींना चिकटून राहतात. ह्या क्रियेस शास्त्रांत अधिशोषण असें नांव आहे.

कोळशाचा हा गुण जुनाच. १७८५ सालीं रशियांत लोवित्स ह्या रसायनज्ञानें कोळशानें द्रावणाचा रंग जातो, हें दाखविलें. पुढें साखर शुभ्र करण्यासाठीं हाडांचा कोळसा वापरांत आला. १९१५ सालीं ईप्रच्या रणांगणावर जर्मनांनीं क्लोरीन वायु सोडला. त्याच वर्षीं झेलिन्स्की ह्या रशियन शास्त्रज्ञानें क्रियाशील कोळशाचा मुखवटा सिद्ध केला. आज ग्लुकोज व औषधें निर्मळ करणें, कारखान्यांतून उडून जाणारे द्रावक परत मिळविणें, सायनाइडच्या द्रावणांतून सोनें वेंचणें, अशीं नाना कामें हा कोळसा करतो.

डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतींत रंग व रसायनांचे कारखाने आहेत. २०२० सालीं तेथील एक रस्ता रसायनांमुळें गुलाबी झाला, तेव्हां सांडपाण्याचा प्रश्न घरोघर बोलला गेला. जीवाणूंकडून शुद्धि झाल्यावरही मागें राहणारा रंग व वास काढण्यास क्रियाशील कोळसा उपयोगी पडतो. परंतु तो मळ धरून ठेवतो. नाहींसा करीत नाहीं. दहा गुंठे भरले कीं त्याचें काम संपलें. विषानें भरलेला तो कोळसा नाल्याकांठीं टाकला, तर पाण्यांतून काढलेली घाण पुन्हां पाण्यांतच जावयाची. तो पुन्हां भट्टींत घालून क्रियाशील करावा, नाहींतर घातक कचरा म्हणून त्याची रीतसर विल्हेवाट लावावी. हा खर्च टाळणें म्हणजे तो नदीकांठच्या लोकांवर लादणें होय.

घरच्या यंत्रासही हाच नियम लागू आहे. त्यांतील कोळसा क्लोरीन व दुर्गंध काढतो. क्षार काढीत नाहीं, आणि रोगजंतु मारण्याचें काम त्याच्यावर सोंपवितां येत नाहीं. उलट, क्लोरीन गेलेल्या पाण्यांत जुन्या कोळशावर जंतूंची वाढ होऊं शकते. पाणी दिसावयास स्वच्छ असलें तरी नेमल्या मुदतींत कोळसा बदलणें हेंच शहाणपणाचें.