ओढ्याकाठचा अर्जुन

अर्जुनाच्या सालीस अलीकडे मागणी वाढली असून तिच्यापायी ओढ्याकाठची जुनी झाडे वाळताना दिसतात. आमच्या बांधालगतचा अर्जुन आजोबांच्या वेळचा. साल गोळा करीत हिंडणाऱ्या एका इसमास आम्ही 500 रुपयांत होकार दिला व त्याने बुंधा सभोवार सोलून नेला. दुसऱ्या उन्हाळ्यात झाड उभेच्या उभे वाळले. पुढील पावसाळ्यात मुळांचा आधार गेलेला काठ खचला आणि दोन गुंठे जमीन वाहून गेली. महसूल दप्तरात हयात घालविलेल्या मनुष्यास हा हिशेब आधीच सुचावयास हवा होता!

पानांत तयार होणारा अन्नरस सालीच्या आतल्या थरातून मुळांकडे उतरतो. तो थर सभोवार तुटला म्हणजे मुळे उपाशी मरतात. सबब, बुंध्याचे चार उभे भाग कल्पून समोरासमोरच्या दोहोंवरूनच साल काढावी, तीही वरवरची. लाकडास चिकटलेला थर राखावा. जखम भरून आल्यावाचून उरलेल्या भागांस हात लावू नये.

खरेदी करणाराने ऐन व अर्जुन यांत गल्लत करू नये, कारण काही भागांत दोघांसही सादडा म्हणतात. ऐनाची साल काळसर व मगरीच्या पाठीसारखी भेगाळ असते. अर्जुनाची गुळगुळीत, पांढुरकी, पापुद्रे सुटणारी व आतून तांबूस.

हृद्रोगावर ही साल दुधात सिद्ध करून देण्याची वैद्यांची वहिवाट जुनी असून अकराव्या शतकातील चक्रदत्तांच्या ग्रंथातही ती आढळते. क्षीरपाकास सालीचे भरड चूर्ण एक भाग, दूध आठ भाग व पाणी बत्तीस भाग घेऊन पाणी आटेपर्यंत मंदाग्नीवर ठेवतात व गाळून घेतात. आधुनिक चाचण्यांत काही गुण दिसला आहे, परंतु त्या बहुतेक लहान आहेत. मात्रा वैद्याने ठरवावी आणि डॉक्टरांचे औषध चालू असल्यास त्यांस सालीविषयी अवश्य सांगावे.

हे मी अनुभवाने लिहितो. एका रात्री आमच्या थोरल्या बंधूंच्या छातीवर दडपण आले, डावा हात भरून आला, घाम सुटला. घरात साल होती, म्हणून आम्ही काढा उकळीत बसलो व तालुक्याच्या दवाखान्यात पोहोचावयास पहाट झाली. “इतका वेळ कोठे होता?” हा डॉक्टरांचा पहिला प्रश्न. दादा वाचले, पण पूर्वीसारखी मोट उचलणे दूरच, चढ चढतानाही त्यांस बसावे लागते. तशा वेळी काढा नव्हे, गाडी शोधावयाची असते.

खचलेल्या काठावर गतवर्षी आम्ही अर्जुनाची सात रोपे लावली. बी दोन दिवस पाण्यात भिजवून पेरले होते. पाच जगली आहेत. दोन शेळ्यांनी खाल्ली.